एमजीबीचे मागचे लिव्हर शॉकअप: तपासणी, तेल आणि जुळणी, योग्य क्रमाने

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची मागची बाजू स्पीडब्रेकरवर दोन-तीनदा हेलकावायला लागली की लगेच जाड तेल भरलं जातं. गाडी कडक होते, आठवडाभर बरं वाटतं, आणि मग शॉकअपच्या आर्मपाशी तेल पाझरायला लागतं. पुढचा सल्ला ठरलेला असतो: "हे जुनं काढा, टेलिस्कोपिक टाका." बऱ्याचदा दोष शॉकअपमध्ये नसतोच. तो लिंकच्या रबरात, कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यात किंवा तेलात शिरलेल्या हवेत असतो. म्हणून या कामात हाताच्या कौशल्याइतकाच क्रम महत्त्वाचा आहे.

हा लेख एमजीबीच्या मागच्या, आर्मस्ट्राँग कंपनीच्या लिव्हर शॉकअपबद्दल आहे. यात ॲक्सलबरोबर एक आर्म वर-खाली होतो आणि बॉडीतले पिस्टन तेल व्हॉल्व्हमधून ढकलतात; टेलिस्कोपिक म्हणजे नेहमीचा नळीसारखा शॉकअप. एमजीए आणि मिजेट या एमजीच्याच गाड्यांनाही मागे याच घराण्याचे शॉकअप असतात. तिथे बोल्टचे माप आणि हात पोचण्याची जागा बदलेल, तत्त्व आणि क्रम तोच राहील.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. या शॉकअपला बाहेरून फिरवायचा ॲडजस्टमेंट स्क्रू नाही. बॉडीला लागलेला मोठा षटकोनी नट व्हॉल्व्हचा असतो. तो थोडा आवळला की शॉकअप कडक होतो, असा समज गॅरेजांमध्ये सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तो नट व्हॉल्व्हला जागेवर धरून ठेवतो. अर्धवट सैल केला तर तेल गळतं, जास्त आवळला तर आटे मरतात. "ॲडजस्ट करणे" म्हणजे इथे योग्य तेल, योग्य पातळी, हवा पूर्ण बाहेर, स्वच्छ व्हॉल्व्ह आणि ताण न देता बसवलेली लिंक.

## तयारी

पाने इंची लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो म्हणून लावू नका. ९/१६ इंच म्हणजे सुमारे १४.३ मि.मी.; १४ चा पाना चढत नाही आणि १५ चा घसरून नटाचे कोपरे गोल करतो. ९/१६, १/२ आणि ५/८ इंचाचे रिंग पाने आणि सॉकेट हाताशी ठेवा. फिलर प्लगला सहा बाजूंनी पकडणारा सॉकेटच वापरा, पक्कड कधीच नको.

बाकीचं सामान:

- चॅसी पेलण्यासाठी दोन मजबूत घोड्या, ट्रॉली जॅक, पुढच्या चाकांसाठी उट्या
- घट्ट बसवलेला बेंच व्हाइस
- वायर ब्रश, रॉकेल, कोरड्या सुती चिंध्या, शक्य असल्यास हवेचा कॉम्प्रेसर
- गंज सोडवणारा स्प्रे
- ५० मि.ली.ची नवी सिरिंज आणि तिला बसणारी बारीक नळी
- बॉल जॉइंट काढायचा छोटा पुलर
- टॉर्क रेंच आणि तुमच्या गाडीच्या वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल
- फिलर प्लगखालचे नवे वायसर, नवे स्प्रिंग वायसर
- तेल: दोन्ही बाजूंसाठी एक लिटरचा सीलबंद डबा पुरून उरतो

तेलाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण सर्वांत जास्त नुकसान याच चुकीमुळे होतं. मूळ शिफारस आर्मस्ट्राँगच्या ६२४ क्रमांकाच्या पातळ शॉक तेलाची होती. ते न मिळाल्यास एसएई २०/२०डब्ल्यू दर्जाचं चांगलं मिनरल तेल चालेल, असं मॅन्युअलच सांगतं. फक्त अतिथंड हवेत ते योग्य नाही अशी सूचना आहे, आणि कोल्हापुरात ती अडचण नाही. मोटारसायकलच्या फोर्कचं २० ग्रेडचं तेल हा इथे सहज मिळणारा पर्याय आहे.

हे भरू नका: ब्रेक ऑइल (आतली सीलं मिनरल तेलासाठी असतात, ती फुगून खराब होतात), गिअरचं ९० नंबर, वापरलेलं इंजिन ऑइल, किंवा दोन अर्ध्या डब्यांचं मिश्रण.

पावसाळ्यात गाडी बाहेर निघाली असेल तर काम सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गळीत हंगामातही तेच. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्त्यावर येणारी माती ॲक्सलभोवती बसून सिमेंटासारखी घट्ट होते. ती वायर ब्रशने आधी काढली नाही तर पाना नटावर पूर्ण चढतच नाही.

## टप्पा १: गाडी चाकांवर असताना दोष शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे घाई झाली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या भागावर जाते.

१. दोन्ही मागच्या टायरांतली हवा हँडबुकप्रमाणे सारखी करा. एका बाजूला हवा कमी असली तरी गाडी एका अंगाने डोलते आणि दोष शॉकअपवर येतो.

२. गाडी सपाट फरशीवर उभी करा. प्रत्येक मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल तर प्रश्न कमानीचा आहे. शॉकअप गाडीचं वजन उचलून धरत नाही. बसलेली मागची बाजू शॉकअप बदलून वर येणार नाही.

३. एक-एक कोपरा जोरात खाली दाबून सोडा. गाडी वर येऊन शांत व्हायला हवी. ही चाचणी ढोबळ आहे. एमजीबीच्या मागच्या कमानी कडक असल्यामुळे पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धवट कमजोर सापडत नाही. डाव्या-उजव्या बाजूची तुलना करण्यासाठीच तिचा उपयोग करा.

४. गाडीखाली जाऊन ओल कुठून येते ते पाहा. आर्मचा स्पिंडल (ज्यावर आर्म बसतो तो दांडा) बॉडीत शिरतो तिथे, फिलर प्लगखाली, व्हॉल्व्ह नटापाशी आणि सिलिंडरच्या झाकणांपाशी बोट फिरवा. ॲक्सलचं तेल हबच्या सीलमधून गळून वाऱ्याने शॉकअपवर उडतं, त्यामुळे चकवा बसू शकतो. वास घ्या: गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो, शॉकच्या तेलाला नसतो. आणि ओल ब्रेक ड्रमच्या पाठच्या पत्र्यापासून सुरू होत असेल, रंग फुगला असेल, तर तो ब्रेकचा व्हील सिलिंडर आहे. अशी गाडी ब्रेक दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

५. शॉकअपचा आर्म आणि ॲक्सल यांना जोडणारी उभी लिंक पाहा. पहार किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर घालून ती वर-खाली ढकला. रबर फाटलेलं असेल, पिन सैल हलत असेल, तर खडखडाट तिथूनच येतो. या लिंकची दोन्ही टोकांची रबरं तिच्यातच बसवलेली असतात. ती वेगळी मिळत नाहीत, बदलायचीही नसतात. अख्खी लिंक बदलावी लागते.

६. कमानीचे तुटलेले पाटे, सैल यू-बोल्ट, शॅकलची झिजलेली रबरं आणि ॲक्सलवरचे बंप रबर पाहून घ्या. ॲक्सल खाली लोंबू नये म्हणून असलेले रबरी पट्टे दोन्ही बाजूंना शाबूत आहेत का, हेही इथेच बघा. पट्टा तुटला असेल तर ॲक्सलचा खालचा हिसका थेट शॉकअपच्या आर्मवर येतो. असा पट्टा न बदलता दुरुस्त शॉकअप परत बसवला, तर तो लवकरच पुन्हा गळेल.

तपासा: लिंक, कमानी, पट्टे आणि टायर ठीक आहेत आणि तरीही मागची बाजू हेलकावते, किंवा शॉकअपमधूनच तेल येतं? तरच पुढे जा.

## टप्पा २: गाडी उचलणे

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उट्या लावा. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. तो मागच्या चाकांवर काम करतो, आणि मागची चाकंच तुम्ही जमिनीवरून उचलणार आहात.

ट्रॉली जॅक डिफरन्शियलखाली लावून मागची बाजू उचला. घोड्या कमानीच्या पुढच्या हँगरजवळच्या भक्कम चॅसीखाली ठेवा. फरशीच्या पातळ पत्र्याखाली घोडी लावली तर पत्रा आत जातो. गाडी घोड्यांवर उतरवा, हाताने जोरात हलवून पाहा, मग चाकं काढा. जॅक ॲक्सलखालीच राहू द्या, तो पुढे लागणार आहे.

इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका.

## टप्पा ३: शॉकअप काढणे

एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू जुळणी करताना नमुना म्हणून समोर राहते.

१. ॲक्सल जॅकने इतका वर घ्या की रबरी पट्टा सैल पडेल आणि आर्मवर ताण राहणार नाही.

२. लिंकच्या वरच्या टोकाचा नट काढायला घ्या. पिन आर्मच्या डोळ्यात गच्च बसलेली असते. नट पूर्ण न काढता पिनच्या टोकाच्या पातळीवर आणून ठेवा म्हणजे आटे वाचतील, आणि पुलर लावून पिन सोडवा. आर्मवर मोठ्या हातोड्याने ठोकणं ही इथली सर्वांत महागडी चूक. तो धक्का स्पिंडलच्या बुशवर (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर) आणि आतल्या रॉकरवर जातो.

३. शॉकअपची बॉडी चॅसीला दोन बोल्टांनी धरलेली असते. एका पान्याने बोल्टचं डोकं धरा, दुसऱ्याने नट फिरवा. दुसरा बोल्ट काढताना बॉडीला खालून आधार द्या, ती हातात जड लागते.

४. शॉकअप बाहेर घेताना आणि नंतर नेता-ठेवताना गाडीवर होता तसाच उभा धरा. आडवा झाला की वरच्या टाकीतली हवा कामाच्या सिलिंडरमध्ये शिरते. गोणपाटावर आडवा टाकून जीपमध्ये घालून गॅरेजला नेलेला शॉकअप तिथे "मेलेला" दिसतो तो याच कारणाने.

## टप्पा ४: धुणे, मगच उघडणे

फिलर प्लगला हात लावण्याआधी बॉडी बाहेरून पूर्ण स्वच्छ करा. रॉकेल आणि ब्रशने माती काढा, चिंधीने पुसा, हवेने प्लगभोवतीचा खळगा साफ करा. आत शिरलेला वाळूचा एक कण व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला तरी शॉकअप एका दिशेने हलका पडतो.

आता बॉडी व्हाइसमध्ये धरा, पण बोल्ट जातात त्या कानांना धरून. सिलिंडरच्या भिंतीवर व्हाइसचे जबडे आवळले तर भोक दबतं आणि पिस्टन अडकतो.

## टप्पा ५: हाताची चाचणी आणि तेल

फिलर प्लग काढा. आर्म हाताने हळूहळू वर-खाली करा, प्रत्येक वेळी पूर्ण टोकापर्यंत. काय जाणवतं त्यावर निदान अवलंबून आहे.

पूर्ण पल्ल्यात दोन्ही दिशांना मध्यम, सलग प्रतिकार जाणवला तर शॉकअप चांगला आहे. दिशा बदलताना थोडा वेळ आर्म मोकळा जात असेल तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. एका दिशेला ठीक आणि दुसऱ्या दिशेला ढिला असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा असेल, नाहीतर स्प्रिंग तुटलेली असेल. आर्म हाताने हलतच नसेल, तर पिस्टन अडकला आहे किंवा आतला भाग तुटला आहे. तिथे तेलाने काही होणार नाही. शेवटी आर्म स्पिंडलच्या आडव्या दिशेने हलवून पाहा. तिथे डुगडुग जाणवली तर बुश झिजलं आहे, आणि नुसतं सील बदलून काही महिन्यांत पुन्हा गळेल.

तेल काळं किंवा पांढुरकं झालेलं असेल तर शॉकअप उलटा धरून, आर्म पंप करत, सगळं एका भांड्यात काढा. नवं थोडं तेल घाला, पंप करा, पुन्हा काढा. बाहेर येणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. पेट्रोल किंवा रॉकेलने आतून धुऊ नका. त्याचा राहिलेला अंश नवं तेल पातळ करतो.

भरण्याचा क्रम:

१. शॉकअप उभा, प्लग उघडा. सिरिंजने तेल फिलरच्या आट्यांच्या थोडं खाली येईपर्यंत भरा.

२. आर्म सावकाश, पूर्ण टोकापर्यंत, आठ-दहा वेळा वर-खाली करा. बुडबुडे येतील आणि पातळी उतरेल.

३. पुन्हा भरा, पुन्हा पंप करा. बुडबुडे थांबून दिशा बदलतानाचा मोकळेपणा जाईपर्यंत हेच चालू ठेवा. भराभर पंप केल्यास तेलाला फेस येतो, मग हवा बाहेर जायला उशीर लागतो. फेस दिसला तर थांबा, अर्ध्या तासाने पुढे जा.

४. शेवटची पातळी आट्यांच्या जरा खाली. काठोकाठ भरू नका. तेल तापून फुगतं, त्याला वर थोडी हवेची जागा लागते. ती नसली तर ते स्पिंडलच्या सीलमधून वाट काढतं.

५. नवं वायसर घालून प्लग बसवा.

तपासा: तेल भरूनही प्रतिकार तुटक राहिला तरच व्हॉल्व्ह नट उघडा. आतले भाग निघतील त्याच क्रमाने स्वच्छ पांढऱ्या कापडावर मांडा, फोटो काढा, नव्या शॉक तेलात धुवा आणि त्याच क्रमाने परत घाला. डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह उजवीकडे घालू नका. पिस्टनची जोडणी मात्र सोडवू नका, मॅन्युअलची तशी स्पष्ट मनाई आहे.

जाड तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोह इथेच होतो. तेल व्हॉल्व्हमधल्या बारीक वाटांतून जातं. ३० किंवा ४० ग्रेडचं तेल तिथून हळू सरकतं, म्हणून हाताला शॉकअप "दमदार" लागतो. रस्त्यावर मात्र लहान, पाठोपाठच्या खड्ड्यांत आर्म वेळेत हलत नाही, ॲक्सल टणाटण उडतो आणि वळणावर मागचं चाक रस्ता सोडतं. झीज भरून काढायला जाड तेल घातलं तर वाढलेला दाब आधीच झिजलेल्या सीलवर येतो. माझं मत ठाम आहे: चांगल्या शॉकअपला २० ग्रेड पुरतं, आणि वाईट शॉकअपला ४० ग्रेडही वाचवत नाही.

### बुश गेलं असेल तर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करू शकणारे लेथ आणि ग्राइंडिंगवाले आहेत. काम देताना नेमकं सांगा: स्पिंडल ग्राइंड करायचा, त्या मापाचं बुश बॉडीत बसवायचं, बाहेरच्या बाजूला ओठाचं ऑइल सील घालण्यासाठी जागा कापायची. आर्म स्पिंडलवर प्रेसने बसवलेला असतो. तो काढण्याआधी दोन्हींवर पंचाने खूण करून घ्या. आर्म किंचित फिरून चुकीच्या कोनात बसला तर त्याचा पल्ला एका बाजूला सरकतो, आणि मोठ्या खड्ड्यात बंप रबराच्या आधी पिस्टनच टोकाला आपटतो. खूण न करता प्रेसला लावणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

## टप्पा ६: परत बसवणे

१. चॅसीवरची बसण्याची जागा खरवडून साफ करा. भोकं लांबोळी झाली आहेत का, भोवती चीर आहे का ते पाहा. चीर असेल तर आधी वेल्डिंग.

२. शॉकअप उभा ठेवूनच आत न्या. दोन्ही बोल्ट हाताने घाला, मग आळीपाळीने आवळा, शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क करा.

३. लिंक जोडण्याआधी आर्म पुन्हा पाच-सहा वेळा पूर्ण फिरवा. नेताना शिरलेली हवा इथे कळते.

४. लिंक जोडा, नट हाताने बसवा, पण आवळू नका. जॅकने ॲक्सल वर घ्या, गाडी चाकांवर उभी असताना जेवढी उंची असते तेवढा. टप्पा १ मध्ये लिहून ठेवलेलं माप इथे उपयोगी पडतं. त्या उंचीला लिंकचे नट घट्ट करा.

हा चौथा मुद्दा जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. ॲक्सल लोंबत असताना नट आवळले तर लिंकचं रबर त्या स्थितीत पिळून धरलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलंच राहतं आणि नवी लिंक अकाली फाटते.

दुसरी बाजू याच क्रमाने करा. तेल त्याच डब्यातलं, दोन्हीकडे. एका बाजूला नवं आणि दुसरीकडे जुनं तेल ठेवलं तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत.

## टप्पा ७: रस्त्यावर

आधी गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर बैलगाडीच्या वेगाने. मागची बाजू एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी, आवाज नको. मग पन्हाळ्याच्या रस्त्यावर मध्यम वेगाने, शेजारी एक माणूस बसवून. ओबडधोबड वळणावर मागची बाजू बाहेर सरकते का, ते पाहा. पुणे-बेंगळुरू महामार्ग पहिल्या दिवशी टाळा. तिथे वेग जास्त आणि रस्ता गुळगुळीत, त्यामुळे दोष लपतो.

रात्रभर गाडी उभी करून सकाळी शॉकअपखालची फरशी पाहा. सुमारे १०० किलोमीटरनंतर चॅसीचे बोल्ट आणि लिंकचे नट पुन्हा टॉर्क करा. त्यानंतर पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा ओल आणि लिंक पाहणं पुरेसं आहे.

## टेलिस्कोपिक आधीच बसवलेले असतील तर

काही गाड्यांत मूळ शॉकअप काढून ब्रॅकेटवर टेलिस्कोपिक लावलेले सापडतात. तिथे पहिला प्रश्न लांबीचा. ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना शॉकअप ताणला जाऊ नये, आणि बंप रबर दबल्यावर तो आत आपटू नये. दोन्ही टोकांना किमान बोटभर जागा शिल्लक हवी.

कोनी क्लासिकसारखा ॲडजस्ट होणारा शॉकअप असेल तर तो गाडीवरून काढून पूर्ण आत दाबा. दाबून धरूनच डावीकडे हळूहळू फिरवा, म्हणजे आतले खाचे एकमेकांत बसतात. अगदी डावीकडे थांबेपर्यंत न्या, ते शून्य. कितीदा फिरला ते मोजा, म्हणजे आधीचं सेटिंग कळेल. मग दाबूनच उजवीकडे अर्धा फेरा फिरवा. सगळा पल्ला साधारण पाच अर्ध्या फेऱ्यांचा आहे. झालं की न फिरवता सरळ किमान १ सें.मी. बाहेर ओढा, तेव्हाच खाचे सुटतात.

हे सेटिंग परत येण्याच्या, म्हणजे रिबाउंडच्या दिशेला कडक करतं. जास्त कडक केल्यास पाठोपाठच्या खड्ड्यांत कमानीला पूर्ण उघडायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. आपल्याकडच्या रस्त्यांना शून्यापासून अर्धा फेरा ही योग्य सुरुवात आहे. पुढचा अर्धा फेरा गरज वाटली तरच, आणि दोन्ही बाजूंना तेवढाच. केलेलं सेटिंग तारखेसह कागदावर लिहून हँडबुकमध्ये ठेवा. पुढच्या वेळी शॉकअप न काढता ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.